मारा ट्रायंगल : वडीलधारी माणसे आणि मुले बरोबर असतील, तर नदीच्या पश्चिमेलाच जावे

केनियातील मसाई माराचे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र मारा नदीमुळे दोन भागांत विभागले गेले आहे, आणि त्यांपैकी कोणत्या भागात राहायचे हा निर्णय विमानाच्या तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. नदीच्या पश्चिमेकडील, ओलोलोलो कड्याच्या पायथ्याचा साधारण एक तृतीयांश भाग म्हणजे मारा ट्रायंगल. त्याची व्यवस्था २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था पाहते. ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण, त्यांत माझी ६८ वर्षांची आई आणि बहिणीचा ९ वर्षांचा मुलगा, आधी दोन दिवस पूर्वेकडे आणि नंतर तीन दिवस ट्रायंगलमध्ये राहिलो.

पूर्वेकडील दुसऱ्या सकाळी एका सिंहिणीभोवती वीसहून अधिक गाड्या जमल्या होत्या. आमच्या चालकाने रस्ता सोडून गवतातून गाडी घातली आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर नेऊन उभी केली. शेजारच्या गाडीतील एक पर्यटक छायाचित्रासाठी छतातून कमरेपर्यंत बाहेर आला, तशी सिंहिणीने मान वळवली आणि कान मागे पाडले. प्राणी गाडीकडे एकच मोठी, ओळखीची आकृती म्हणून पाहतात. त्या आकृतीतून माणूस वेगळा दिसू लागला की त्यांची वागणूक बदलू शकते. आईने गाडी मागे घ्यायला सांगितले, तेव्हा चालकाला मनापासून आश्चर्य वाटले, कारण जवळून दर्शन घडवले की बक्षिशी वाढते, असाच त्याचा आजवरचा अनुभव असावा. ताडोबात वाघाच्या वाटेवर जिप्सींची दाटी पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

ट्रायंगलमध्ये नियम तेच, पण ते पाळून घेणारी माणसे दिसतात. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या थांबतात, किमान २५ मीटर अंतर ठेवतात आणि मागे गाड्या ताटकळत असतील, तर दहा मिनिटांनी जागा रिकामी करतात. विल्डबीस्ट या मोठ्या, शिंगे असलेल्या हरणवर्गीय प्राण्यांचा कळप नदी ओलांडण्यासाठी काठावर आला, तेव्हा आमच्या वाटाड्याने गाडी बरीच मागे उभी करून इंजिन बंद केले. काठावर गाड्यांची गर्दी झाली की पुढचे प्राणी बिचकतात आणि कळप माघारी फिरतो, असे त्याने आम्हाला समजावले. तब्बल पावणेदोन तास आम्ही थांबलो. मग एकाने उडी घेतली आणि त्यामागून सगळा कळप धुरळा उडवीत पाण्यात उतरला. बहिणीचा मुलगा त्या वेळी श्वास रोखून बसला होता.

ओलोलोलो फाटकाजवळच्या आमच्या तंबूंच्या मुक्कामाला कुंपण नव्हते. पाणघोडे रात्री चरण्यासाठी नदीतून वर येतात आणि त्यांची पाण्याकडची वाट अडवणे जिवावर बेतू शकते, म्हणून अंधार पडल्यावर अस्कारी, म्हणजे पहारेकरी, बरोबर घेतल्याशिवाय जेवणाच्या तंबूपर्यंतही जाऊ देत नसत. ही सक्ती मला फार आश्वासक वाटली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढ पर्यटकाला दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते, जानेवारी ते जून ते १०० डॉलर असते. पाच जणांच्या कुटुंबाला हा भार जड जातो. माळावर कुठेही खाली उतरता येत नसल्याने आईची स्वच्छतागृहाअभावी फार गैरसोय झाली. पहाटे तर इतकी थंडी असते की पुण्याहून नेलेले पातळ स्वेटर अगदीच अपुरे पडले.

तयारीत सर्वाधिक वेळ लसीसाठी राखावा. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि ते नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आईच्या बाबतीत आम्ही आधी डॉक्टरांचा सविस्तर सल्ला घेतला. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही त्यांनीच ठरवून दिल्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामान बहुधा १५ किलोंपर्यंत आणि मऊ पिशवीतच न्यावे लागते.

सहल ठरवताना वाटाड्याकडे केनियाच्या व्यावसायिक सफारी मार्गदर्शक संघटनेचा कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण बिल्ला आहे का आणि आणीबाणीत विमानाने रुग्णालयात नेण्याची सोय दरात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. पहिल्याच सकाळी चालकाला हेही स्पष्ट सांगावे की बक्षिशीचा आणि प्राण्याच्या जवळ जाण्याचा काही संबंध नाही. ट्रायंगलमधल्या आमच्या वाटाड्याला आईने हे सांगितले, तेव्हा तो हसून "असांते, मामा" म्हणाला. स्वाहिलीत आईला मामा म्हणतात, हे त्या दिवशी मुलाला कळले.