सव्वा वर्ष एमजीबी वापरल्यावर: इंजिन नंतर ऐका, आधी खाली वाका

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये १९७२ ची एमजीबी रोडस्टर घेतली, म्हणजे जुनी ब्रिटिश, उघडी स्पोर्ट्स कार, साडेआठ हजार पौंडांना. राहते इंग्लंडात, लेस्टरजवळ. आजवर जेमतेम पाच हजार किलोमीटर चालवली असेल. त्यात दोनदा टो होऊन घरी आली आणि एकदा तब्बल सात आठवडे गॅरेजमध्ये पडून होती. विकणार मात्र नाही. घेताना मी जे केलं ते तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे लिहितेय.

बघायला गेले तेव्हा रिमझिम पाऊस होता. ओली गाडी बघूच नये, ओला पत्रा कसाही असला तरी चकचकीतच दिसतो. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. तो आवाज ऐकला आणि माझं डोकं बंद पडलं. माझ्या मामांची सांगलीत ॲम्बॅसडर टॅक्सी होती. तिच्यात बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन, आणि एमजीबीत त्याच घराण्यातलं मोठं भावंड, १७९८ सीसीचं. लहानपणी सुट्टीत मागच्या सीटवर बसून ऐकलेला तोच आवाज. तिथेच व्हिडिओ कॉल लावून मामांना ऐकवला.

मामा म्हणाले, "टॅपेट वाजतंय थोडं, वाजू दे. पार गप झालं तर काळजी कर. गाडी खालनं बघितलीस का?"

"चांगलीय मामा, नवीन पेंट आहे."

"पेंट नाही गं विचारत मी."

आणि मी खाली न वाकता पैसे दिले.

मामांचं टॅपेटचं बरोबर आहे. या इंजिनाचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, किंचित वाजणं हा रोग नाही. अगदी शांत असेल तर कुणीतरी तिथली फट कमी ठेवलीय आणि व्हॉल्व्ह जळायची शक्यता असते. पण इंजिन हा या गाडीतला स्वस्त भाग आहे. १९६२ ते १९८० मध्ये इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यामुळे नट-बोल्टपासून सगळं आजही नवीन मिळतं, अगदी अख्खा बॉडीशेलसुद्धा. महाग पडतो तो पत्रा, आणि तो जोडणाऱ्याची मजुरी.

या गाडीला वेगळी चेसिस नाही आणि रोडस्टरला वर छतही नाही. मग सगळा भार दाराखालच्या आडव्या पेटीवर येतो. तिला इथे सिल म्हणतात. आतला, मधला, बाहेरचा असे पत्र्याचे तीन थर. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर आत जातं आणि सिल आतून बाहेर सडत येते. बाहेरून दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं. सांगलीच्या ॲम्बॅसडरला हे दुखणं कुठलं!

गाडी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला, खाली रुमाल धरला आणि गाडीभर फिरवत निघाला. बॉनेटवर चिकटला, दारावर चिकटला. दाराच्या मागे, चाकाच्या अलीकडे खालच्या कोपऱ्यात ठेवला तर घसरून जमिनीवर. परत ठेवला, परत घसरला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिथे पत्रा नव्हताच, पुटी होती. गॅरेजवाल्याने सिल कापली तेव्हा सडलेल्या सिलवर नवीन पत्र्याचं झाकण वेल्ड केलेलं निघालं, आणि आतून तपकिरी भुगा. मूठभर नव्हे, घमेलंभर. दोन्ही बाजूंचे २,६०० पौंड.

त्यामुळे मॅग्नेट न्याच. शिवाय जॅक लावून एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून परत लावून बघा. सहज लागलं तर ठीक. अडकलं किंवा फट बदलली, तर गाडी मधून वाकतेय. जॅक लावू द्यायला मालक कां-कूं करत असेल तर चहाला थांबू नका.

आणि हे घरबसल्या करता येतं: इथे गाडीचा नंबर टाकला की सरकारी साइटवर तिच्या एमओटी तपासण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासण्यांचा, इतिहास फुकट दिसतो. चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला ही तपासणी सक्तीची नाही, म्हणून माझ्या गाडीची शेवटची नोंद कित्येक वर्षांपूर्वीची. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'सिलला गंज'. मी ते वाचलं पैसे दिल्यावर. सक्ती नसली तरी तपासणी करून घेता येते. विकणाऱ्याला ती करायला सांगा, खर्च हवं तर तुम्ही द्या.

बाकीचं भराभर सांगते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. गरम झाल्यावर, चालताना ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या वर हवं. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. तरीही हलत असेल तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो खिळा, गेलंय, थांबलं तर नुसतं बेअरिंग. दर तीन हजार मैलांना किंगपिनला ग्रीसिंग लागतं आणि बहुतेक मालक ते विसरतात. तारांची चाकं असतील तर पुढे-मागे घेताना 'खट्' आवाज येतो का ते ऐका. त्यांच्या आतले दाते झिजतात. सीटच्या मागे, जमिनीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांचा कप्पा सडलेला नाही ना, तेही बघून घ्या.

टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या गाडीतल्या पंपाने मला दोनदा रस्त्यात सोडलं. चावी फिरवली की तो मागच्या उजव्या चाकाजवळ टक-टक-टक करतो आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलं की थांबतो. थांबलाच नाही तर गळती शोधा. टकटक झालीच नाही तर पान्याच्या मुठीने त्याला हलकेच ठोका. पहिल्यांदा हे माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा ठोकलं, चार मैल चालला आणि कायमचा गेला. नवा बसवला.

पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, तेही महागातलं. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं आहे आणि जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. रोड टॅक्स शून्य, पण त्यासाठी अर्ज करावाच लागतो. कापडी टप गळतो, डाव्या गुडघ्यावर.

सध्या पावसाळी हवा असली की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर, लागत नाही. मामांचं म्हणणं अर्थिंग. मला सोलेनॉइडचा, म्हणजे तो गिअर विजेवर लावणाऱ्या भागाचा, संशय आहे. रविवारी खाली शिरून बघते.