कंपोझिट डेक: गडद तपकिरी की फिकट राखाडी?

कंपोझिट डेक म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांची, अंगणात किंवा गच्चीवर घातलेली जमीन. तिथे भर उन्हात अनवाणी वावर असेल तर फिकट राखाडीच घ्या. गडद तपकिरी फळी दुपारी इतकी तापते की पाय टेकवत नाही. तापून लांबीला वाढतेही जास्त, म्हणून टोकांची फट कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच सोडावी. नाहीतर फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. फिकटावर मात्र तेलाचे थेंब, कुजलेल्या पानांचे चहासारखे डाग, लोखंडी स्टँडचा गंज लगेच डोळ्यांत भरतो. गडदावर धूळ, पाण्याचे पांढरे ओघळ आणि खुर्ची ओढल्याचे ओरखडे. (धूळ निदान झाडूने जाते.) सावलीतल्या डेकला गडद बिनधास्त चालेल. दोन्ही नमुने दुपारी तासभर उन्हात ठेवा, तळहात लावून बघा, मग ओले करून बघा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका.