दांड्याचा रेडिओ-कंदील : शाळेची मुलं असलेल्या घरासाठी

शाळा सुरू व्हायला आणि वादळं यायला तुमच्याकडे एकच मुहूर्त लागत असेल, तर हा कंदील जरूर घ्या. फक्त खोक्यावर ज्या कारणांसाठी तो विकतात, त्यासाठी घेऊ नका. खोक्यावर ठळक अक्षरांत आहे दांडा (हाताने फिरवून चार्ज करायचा), सोलर आणि मोबाइल चार्जिंग. आमच्या घरात तो कामाला आला तो उजेडासाठी आणि रेडिओसाठी.

वादळात लाइट गेले म्हणून उद्याची शाळा रद्द झाली असं लगेच कळत नाही, त्यामुळे तयारी करावीच लागते. दप्तर भरायचं असतं, नव्या वह्यांवर नावं घालायची असतात, थोरल्याचं गणित अर्ध्यावर अडलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च एकाच जागी झोत टाकतो आणि लिहिणाऱ्या हाताची सावली नेमकी वहीवर पडते. मेणबत्ती तर कागद-पुठ्ठ्यांच्या पसाऱ्यात, धाकटीच्या कोपराजवळ, मला नकोच. या कंदिलाच्या दिव्याला दुधी आवरण आहे. टेबलाच्या मधोमध ठेवला की उजेड चारी बाजूंना सारखा पसरतो आणि डोळ्यांवर येत नाही. पांढरा उजेड 6500 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), तो लिहिण्यासाठी. पिवळसर 3000 केल्विनचा, तो झोपताना सगळ्यात मंद करून दाराजवळ. रात्री मूल दचकून उठलं तर त्याला दार दिसतं, एवढं पुरेसं असतं.

दुकानात लोक सगळ्यात जास्त ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बघून घेतात. घरातल्या घरात त्याचा फारसा उपयोग नाही. आत 2000 एमएएचचा 18650 जातीचा लिथियम सेल आहे, म्हणजे साधारण 7.4 वॉट-तास. पूर्ण उजेडाला तीन वॉट लागले तर तो अडीच तासांतच झोपणार. मधल्या पायरीवर एका वॉटमध्ये सहा-सात तास निघतात, आणि टेबलाभोवती बसलेल्या तिघांना मधली पायरी भरपूर होते. याच हिशेबाने मोबाइल चार्जिंगचंही बघा. 5000 एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे 19 वॉट-तासांची असते. हा कंदील पूर्ण रिकामा केला तरी फोन फार तर पाव ते एक तृतीयांश भरेल, आणि घरात अंधार होईल तो वेगळाच. फोनसाठी पॉवर बँक वेगळी ठेवा.

आता रेडिओ, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. वीज बराच वेळ नसली की मोबाइल टॉवरचा बॅकअपही संपतो आणि शाळेच्या ग्रुपवरचे निरोप यायचे थांबतात. तेव्हा एफएमवरच्या बातम्या कामाला येतात. पण आमच्या घराला खरा आधार झाला तो एएम (मीडियम वेव्ह) पट्टा. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही निघतात आणि एएमवर त्या 'खर्रकन' ऐकू येतात, गडगडाटाच्या आधी. धाकटीला गडगडाटाची भीती वाटते ती तो अचानक येतो म्हणून. आता ती कंदील मांडीवर घेऊन बसते, खरखर झाली की सेकंद मोजायला लागते, आणि आवाज येतो तेव्हा ती त्याची वाटच बघत असते. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणून थोरला तिच्या आकड्याला तीनने भागून अंतर सांगतो. लांबच्या विजेचीही खरखर येते आणि मागे गडगडाट येतच नाही. असं झालं की तिला फार बरं वाटतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही हा नियमही ती आता आम्हालाच ऐकवते. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. ते सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

'डब्ल्यूबी' असं एक बटण आहे. ते अमेरिकेतल्या 162 मेगाहर्ट्झजवळच्या हवामान प्रसारणासाठी. बाकी ठिकाणी त्यावर नुसती सूंसूं येते, तेव्हा रेडिओ बिघडला असं समजू नका.

दांडा खरोखर चालतो, पण दमवतो. मिनिटभर जोरात फिरवला तर मंद उजेड काही मिनिटं टिकतो, बस. शेवटचा उपाय म्हणून असू द्या. मुलांना मात्र फिरवायला आवडतं, आणि अंधारात हाताला काम असलेलं मूल कमी घाबरतं, त्यामुळे मी अडवत नाही. डोक्यावरची सोलर पट्टी तळहाताएवढीही नाही. ढगाळ हवेत, म्हणजे ज्या दिवसांत तिची गरज असते नेमकं त्याच दिवसांत, तिच्याकडून आशा ठेवू नये.

तक्रारीची जागा एकच, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण. आयपीएक्स4 हा पाण्यापासून बचावाचा दर्जा, म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल एवढाच वायदा, पाण्यात बुडवलेलं चालणार नाही. आणि तो वायदाही झाकण घट्ट बसलं तरच. आमचं झाकण एका बाजूने सैल झालंय, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर मी तो ठेवत नाही. विजा कडाडत असताना चार्जरला लावूनही ठेवत नाही. आभाळ भरून आलं की आधीच चार्ज करून प्लग काढते.

घेण्यापूर्वी दुकानदाराला सेल बदलता येतो का ते विचारा. आमच्यात तळाचे दोन स्क्रू काढले की सेल हातात येतो. सेल आत डाख देऊन बसवलेला असेल तर दुसरं मॉडेल बघा. आणि वादळांचे दिवस सरल्यावर तो पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा करून कपाटात टाकू नका. लिथियमचा सेल अर्धा भरलेला, थंड जागी जास्त टिकतो. शाळेच्या सुट्ट्या संपत आल्या, गणवेश आणि दप्तर बाहेर निघाले, की त्यांच्यासोबत हाही काढायचा आणि चार्जला लावायचा.