सोफोस्बुविर-वेलपाटास्विरची बाटली: गोळीला पाच तारे, आतल्या कागदाला एक

मिक्सर, गिझर, गाद्या यांचे रिव्ह्यू लोक हिरीरीने लिहितात. औषधांचे कुणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर 'डॉक्टर देवासारखे भेटले' यापलीकडे गाडी जात नाही. मी पिरंगुटकडच्या एका औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट म्हणून रिटायर झालो. त्यामुळे कुठलीही गोळी घरात आली की आधी तिचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचायचा, ही खोड जडली आहे. ही बाटली आमच्या वहिनींसाठी आली होती. "नाव तेवढं घालू नका भाऊजी, बाकी काय लिहायचं ते लिहा," अशी त्यांची परवानगी आहे.

आधी माल काय ते सांगतो. सोफोस्बुविर ४०० मिलिग्रॅम आणि वेलपाटास्विर १०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. हिपॅटायटिस सी या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणाऱ्या विषाणूवरचं औषध. रोज एक गोळी, बारा आठवडे. म्हणजे २८ गोळ्यांच्या तीन बाटल्या, आणि मग बंद. बीपी, शुगर आणि थायरॉइडच्या गोळ्यांनी आमच्या घरात फ्रीजवरची जागा कायमची व्यापली आहे. तिथे संपणारं औषध येणं हीच मोठी बातमी होती.

वहिनींना कसलाही त्रास नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी जे नेहमीचं रक्त तपासतात, त्यात 'अँटी-एचसीव्ही रिअॅक्टिव्ह' आलं, म्हणजे हिपॅटायटिस सी च्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी रक्तात सापडली. मग जुन्या गोष्टी निघाल्या. नव्वदच्या सुरुवातीला धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं होतं आणि दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये, आणि आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला २००१ उजाडलं. त्याआधी ज्यांना रक्त चढलंय त्यांनी ही तपासणी एकदा करून घ्यावी. स्वस्त आहे, आणि वीस-तीस वर्षं काहीही न जाणवता लिव्हर आतून कडक होत जातं हाच या दुखण्याचा खरा कावा.

दादाने रिपोर्ट पाहून धसका घेतला, कारण त्याच्या डोक्यात इंटरफेरॉन हे या दुखण्यावरचं जुनं औषध होतं. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ते घेतलेलं आम्ही पाहिलं होतं. आठवड्याला एक इंजेक्शन, जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या, महिनोन् महिने. अंगात कणकण, हिमोग्लोबिन खाली, आणि इतका मवाळ माणूस वॉचमनच्या अंगावर धावून जायला लागला. एवढं सोसून विषाणूच्या जीनोटाइप १ (जीनोटाइप म्हणजे विषाणूचा पोटप्रकार) मध्ये बरं होण्याची शक्यता जेमतेम निम्मी. आपल्याकडे जीनोटाइप ३ जास्त दिसतो, त्यात थोडी बरी. या नव्या गोळीने जीनोटाइप ३ च्या मोठ्या चाचणीत शंभरात पंचाण्णव लोक विषाणूमुक्त झाले. बाकीच्या प्रकारांत आकडा त्याहून वर जातो. शिवाय ती सगळ्या जीनोटाइपना चालते, म्हणून प्रकार कुठला हे शोधायची महागडी टेस्ट बहुतेकांना लागत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. कंटाळा येत असेल त्यांनी सरळ दुकानाच्या परिच्छेदावर जावं.

हा विषाणू लिव्हरच्या पेशीत स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे वंशसूचनांच्या साखळीच्या, नकला काढत राहतो. त्या लांबत्या साखळीत एक खोटा घटक घुसवला की साखळी तिथेच थांबते. कल्पना जुनी आहे, एचआयव्हीची कितीतरी औषधं तिच्यावरच उभी आहेत. फार्मासेट या अमेरिकी कंपनीकडे असा एक रेणू होता. आरएनएमधल्या युरिडिन या घटकाचाच भाऊ, फक्त साखरेच्या एका कार्बनवर फ्लोरिन आणि मिथाइल बसवलेलं. पेशींवर टाकून पाहिला तर परिणाम शून्य. पण त्यालाच तीन फॉस्फेट लागलेले असतील तर तो विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे नकला काढणारं एन्झाइम, जाम करतो, आणि पेशीच्या आत त्याचा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा वेळ) तब्बल ३८ तास. अडचण अशी की आपली पेशी त्याला पहिला फॉस्फेट लावायलाच तयार नाही. बरं, पहिला फॉस्फेट आपणच लावून द्यावा, तर फॉस्फेटवर विद्युतभार असतो आणि तसा रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरत नाही.

कार्डिफ विद्यापीठातल्या ख्रिस मॅग्विगन यांनी यावर एक युक्ती बसवून ठेवली होती, ती फार्मासेटच्या मायकेल सोफिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे वापरली. फॉस्फेटच्या एका बाजूला फिनॉल आणि दुसऱ्या बाजूला अॅलनिन या अमिनो आम्लाचा एस्टर चढवायचा. पावसात रेनकोट घालून यावं आणि घरात शिरल्यावर काढून ठेवावा, तसा प्रकार. हा रेनकोट उतरवणारी एन्झाइम्स लिव्हरमध्ये मुबलक असतात, म्हणजे औषध उघडं पडतं ते नेमकं हवं त्या ठिकाणी. 'सोफोस्बुविर' हे नाव सोफियांवरूनच पडलं.

या रचनेत फॉस्फरसवर दोन आयसोमर, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी असलेली दोन रूपं, तयार होतात, आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा कित्येक पट प्रभावी निघाला. आधी मिश्रणावर काम झालं, मग हवा तो एकटा स्फटिकरूपात वेगळा काढला. वाचायला हे एक वाक्य आहे. फॉस्फरसवर एकच बाजू धरून रिअॅक्टरमधून बॅचमागून बॅच काढायची आणि दुसरा आयसोमर मर्यादेच्या आत ठेवायचा, म्हणजे काय दिव्य असतं ते रात्रपाळीला प्लँटवर उभं राहिलेल्याला विचारा. आपल्या हैदराबाद-मुंबईकडच्या कंपन्यांनी ते जमवलं, याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं होत नाही.

आणि युक्ती तीच असली म्हणून प्रत्येक रेणू तरतोच असं नाही. याच धाटणीचं, पण ग्वानोसिन या आरएनएच्या दुसऱ्या घटकावर बेतलेलं एक औषध होतं. त्यासाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने २०१२ च्या सुरुवातीला इन्हिबिटेक्स ही अख्खी कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीतल्या रुग्णांच्या हृदयावर परिणाम दिसला, एक जण दगावला आणि काम बंद करावं लागलं. 'औषधं एवढी महाग का' यावर हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं नफा.

गोळीतला दुसरा घटक वेलपाटास्विर विषाणूच्या एनएस-५-ए या प्रथिनाला धरतो. गंमत म्हणजे हे प्रथिन एन्झाइम नाहीच, त्यामुळे कागदावर बसून कुणी त्याला लक्ष्य म्हणून निवडलं नसतं. विषाणू सापडल्यावर दहा वर्षं तो प्रयोगशाळेत नीट वाढवता येत नव्हता. १९९९ मध्ये जर्मनीत राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने विषाणूच्या आरएनएचा एक तुकडा पेशींत स्वतःहून नकला काढत राहील असं जमवलं, त्याला रेप्लिकॉन म्हणतात. मग त्या पेशींवर हजारो रेणू टाकून बघता आले, आणि एनएस-५-ए वाला वर्ग त्यातूनच पुढे आला. २०१६ चं लास्कर हे वैद्यक संशोधनाचं पारितोषिक बार्टेनश्लागर, अमेरिकी विषाणूशास्त्रज्ञ चार्ल्स राइस आणि सोफिया या तिघांना मिळालं. राइस यांना पुढे २०२० मध्ये नोबेलही मिळालं.

दुकान. घराजवळच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून "मागवावं लागेल, पूर्ण अॅडव्हान्स" सांगितलं आणि वहिनींकडे असं पाहिलं की त्या दुकानाची पायरीच उतरल्या. मी सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांकडे गेलो. तिथे काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता दोन कंपन्यांचे भाव सांगितले. दोन्ही छापील किमतीच्या निम्म्याच्या खाली. पक्कं बिल घेतलं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहून घेतली. तीन बाटल्या मिळून पंचवीस हजारांच्या आत आटपलं. एमआरपी आणि खऱ्या भावात एवढी तफावत असलेली वस्तू मी तरी दुसरी पाहिली नाही. ज्याला माहीत नाही तो बिचारा छापील किंमत मोजतो.

तरी हेही थोडकेच म्हणायचे. डिसेंबर २०१३ मध्ये नुसतं सोफोस्बुविर अमेरिकेत आलं तेव्हा गिलियड कंपनीने गोळीमागे १,००० डॉलर लावले होते, बारा आठवड्यांचे ८४,०००. फार्मासेट विकत घ्यायला त्यांनी आधीच सुमारे ११ अब्ज डॉलर मोजले होते, ते वसूल करायचे होते. लिव्हरपूल विद्यापीठाचे अँड्र्यू हिल यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला, की मोठ्या प्रमाणावर केलं तर तेवढ्याच कोर्सचा उत्पादनखर्च ६८ ते १३६ डॉलर येईल. त्याच वर्षी गिलियडने काही भारतीय कंपन्यांना ७ टक्के रॉयल्टीवर परवाने दिले, म्हणून आज सदाशिव पेठेत भाव करता येतो. आणि ज्यांना हाही खर्च झेपत नाही त्यांनी खिशात हात घालायच्या आधी सरकारी उपचार केंद्र गाठावं. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस सी ची औषधं मोफत मिळतात. लिव्हर कडक झालेलं नसेल तर साधारणपणे सोफोस्बुविर आणि डाक्लाटास्विर देतात. ती जोडीही चांगलीच आहे, फुकट म्हणजे हलकं असं समजू नका.

पॅकिंग ठीक. पांढरी प्लॅस्टिकची बाटली, आत ओलावा शोषणारी पुडी, झाकण दाबून फिरवायचं. सांधेदुखीवाल्या बोटांना ते उघडत नाही. दादाने पहिल्या दिवशी उघडून दिलं आणि नंतर ते अर्धवटच लावून ठेवायला लागला, ते मी बंद करवलं. गोळी मोठी आहे, पण गिळली जाते. पहिल्या काही दिवसांत वहिनींचं डोकं दुखलं, दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं. पुढे तेही नाही. पहाटेचं फिरणं एकदाही चुकलं नाही.

आता एक तारा ज्याला दिला तो कागद. बाटलीबरोबर घडी घालून कोंबलेला, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्यात कुठेतरी मध्ये लिहिलंय, की अॅसिडिटीवरच्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल जातीच्या गोळ्या याच्याबरोबर घेऊ नयेत. पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटास्विर नीट विरघळत नाही आणि रक्तात कमी पोहोचतं. पुण्यात सकाळी उपाशीपोटी 'पॅन' घेणारी घरं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. वहिनीही कित्येक वर्षं घेत होत्या, आणि औषध चालू आहे का विचारल्यावर "नाही, फक्त बीपीची" असं सांगत होत्या. ती गोळी त्यांच्या लेखी औषधच नव्हती. मी भिंग घेऊन कागद वाचला, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती लगेच थांबवली. कागदात आणखीही आहे: क्षयाचं रिफॅम्पिसिन चालत नाही, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अॅमिओडरोन असेल तर धोका, साध्या अँटासिडमध्ये चार तासांचं अंतर हवं. आणि सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण सी गेला की दबलेला बी डोकं वर काढू शकतो. वहिनींच्या डॉक्टरांनी ती टेस्ट आम्ही न सांगताच करून घेतली होती. पण इतक्या मोलाच्या चार ओळी मराठीत, ठळक टायपात का छापत नाहीत? एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) ज्या गावात आहेत तिथे हे मागणं जास्त नसावं.

हा रिव्ह्यू वाचून हिपॅटायटिस बी वाले नक्की विचारणार. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलंच, "मग माझी टेनोफोविर का संपत नाही?" (ही हिपॅटायटिस बी वरची गोळी.) सी चा विषाणू पेशीत फक्त आरएनएच्या रूपात असतो. नकला थांबवल्या की काही आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही. बी मात्र पेशीच्या केंद्रकात डीएनएचं एक बंद वर्तुळ करून बसतो, आणि टेनोफोविर त्या वर्तुळाला हात लावत नाही, फक्त त्यातून पुढे होणारी वाढ रोखतं. म्हणून गोळी वर्षानुवर्षं. २५ मिलिग्रॅमची नवी टेनोफोविर अलाफेनामाइड येते तिलाही तोच रेनकोट चढवलेला आहे, त्यामुळे डोस कमी लागतो आणि किडनी-हाडांना त्रास कमी होतो. मात्र बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नका, लिव्हर एकदम भडकू शकतं. सहकारी म्हणाला, "म्हणजे माझ्या नशिबी भाडेकरू कायमचा." मी काय बोलणार?

वहिनींचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सुरुवातीला लाखांत होता. चार आठवड्यांनी 'नॉट डिटेक्टेड'. पण त्यावर पेढे वाटू नयेत. गोळ्या संपल्यावर बारा आठवडे थांबून जो आरएनए तपासतात तोच खरा निकाल, आणि तोही 'नॉट डिटेक्टेड' आला. ज्यांचं लिव्हर आधीच सिरोसिसपर्यंत, म्हणजे पार कडक होण्यापर्यंत, गेलंय त्यांनी यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. विषाणू गेला म्हणून ती टळत नाही.

शेवटची कटकट औषधाची नाही, लॅबची. अँटीबॉडी टेस्ट यापुढेही आयुष्यभर 'रिअॅक्टिव्ह' येत राहते. विषाणू येऊन गेल्याची ती नुसती खूण आहे. पण परवा दाताच्या दवाखान्यात तेवढंच पाहून वहिनींना "तुम्ही सगळ्यात शेवटी या" असं सांगितलं. तेव्हा तो बारा आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा आणि दोन झेरॉक्स पर्समध्ये ठेवा. वहिनींनी तिथल्या तिथे काउंटरवर ठेवला, आणि त्यांचा नंबर तिसरा लागला.