मेसरश्मिट केआर २०० की गोगोमोबिल?

जर्मनीतल्या एका मित्राला पन्नाशीच्या दशकातली छोटी गाडी घ्यायचीये, पण ठरत नाहीये. दोन्ही १९५५ च्या, दोन्ही टू-स्ट्रोक.

केआर २०० तीनचाकी. दोघं एकामागे एक बसणार, डोक्यावर पारदर्शक घुमट. इंजिन १९१ सीसी. रिव्हर्ससाठी ते बंद करून उलटं फिरवायचं, म्हणजे मागे जायलाही चार गिअर! गंमत आहे, पण गर्दीत घाम फुटेल.

डिंगोल्फिंग गावच्या ‘ग्लास’ (Glas) नावाच्या कंपनीची गोगोमोबिल साधी: चार चाकं, मागे २४५ सीसी इंजिन, मुलांनाही जागा. दोन लाखांहून जास्त बनल्या. मेसरश्मिट त्यामानाने दुर्मीळ, म्हणून महाग.

प्रदर्शनात मिरवायचं तर मेसरश्मिट. बायकामुलांना घेऊन रविवारी फिरायचं तर गोगोमोबिलच.