जायपत्रीसाठी घेतलेले वाळवणी यंत्र : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरजवळच्या आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत जायफळाची अकरा झाडे आहेत. त्यांची बहुतेक फळे जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे उन्हाचे दर्शनही दुर्मिळ असते अशा दिवसांत, तडकतात. पूर्वी आम्ही पत्री, म्हणजे जायफळाच्या बीभोवतीचे लाल जाळीदार आवरण, चुलीवरच्या माळ्यावर पसरत असू. ती वाळायची, पण तिला धुराचा वास लागे, आणि झड लागली की दोन दिवसांत बुरशी धरे. म्हणून यंदा मे महिन्यात पंखा आणि आठ तबके असलेले विजेचे यंत्र घेतले.

पहिली खेप मी यंत्रावर आधीच ठरवून दिलेल्या ६० अंशांवर लावली आणि ती वाया गेली. लालभडक पत्री काळपट झाली, चुरडली की भुगा होई, आणि सुगंधी तेल उडून गेल्याने वास जेमतेम उरला. नंतर आकडा ४५ वर आणला, तरी मागच्या बाजूची पत्री करपतच होती. वेगळा तापमापक आत ठेवून पाहिला, तेव्हा तिथे ५२ अंश भरले. हा यंत्रातला खरा दोष आहे आणि तो माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नाही. आता मी ४० वर लावतो आणि दर दोन तासांनी तबके फिरवतो. आठ-नऊ तासांत पत्री अशी होते की वाकवली असता किंचित वाकून मग कट्‌कन मोडते. तिथेच थांबावे.

मात्र खरे काम त्यानंतर सुरू होते, असे माझे ठाम मत झाले आहे. पत्री पूर्ण निवल्यावरच काचेच्या बरणीत, पाऊण भागापर्यंत, सैल भरावी. गरम भरली तर झाकणाला आतून पाणी सुटते. पहिला आठवडा बरणी रोज थोडा वेळ उघडावी लागते, पण आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असल्याने ओसरीवर उघडलेली पत्री उलट दमट होते. म्हणून यंत्र चालू असलेल्या बंद खोलीतच मी बरण्या उघडतो. आत ठेवलेल्या छोट्या आर्द्रतामापकाने ६५ टक्क्यांच्या वर आकडा दाखवला, की ती पत्री तासभर पुन्हा तबकात जाते. अंधाऱ्या कपाटात ठेवलेली जुलैची पत्री नोव्हेंबरात केशरी-पिवळी झाली आणि तिचा कच्चा, उग्र वास जाऊन गोडसर, भरीव सुगंध आला.

जायफळाच्या बियांसाठी हे यंत्र मी सुचवणार नाही. त्यांना वाळायला कित्येक दिवस लागतात, तेवढी वीज परवडत नाही, आणि उष्णता ४५ अंशांपुढे गेली तर आतली चरबी वितळते. त्या आजही माळ्यावरच, टरफलात खुळखुळ वाजेपर्यंत, असतात.

तबके मात्र स्टीलचीच मागून घ्यावीत. आमच्या प्लास्टिकच्या जाळ्यांत पत्रीचा वास इतका मुरला आहे की तीनदा धुऊनही गेला नाही, त्यामुळे त्यांवर आमसुले घालता येत नाहीत.