बायफोकल कॉम्प्युटर सायन्स (अकरावी-बारावी): दीड वर्षानंतरचा अनुभव

फॉर्म भरण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. अकरावी पूर्ण झाली, बारावीची सहामाहीही उलटली. आता कुणी विचारलं तर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. विषय बोर्डाचा, पेपर सगळीकडे तोच, पण दोन कॉलेजांत तो इतका वेगळा शिकवला जातो की ऐकीव माहितीवर निर्णय घेणं धोक्याचं आहे.

आधी गुणांचा हिशेब. बायफोकल म्हणजे दोन विषयांऐवजी घेतलेला एकच विषय. तो २०० गुणांचा: पहिला पेपर ५०, दुसरा ५०, प्रॅक्टिकल १००. त्याबदल्यात दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय सुटतो. इंजिनिअरिंगकडे जाणारे बहुतेक बायोलॉजी सोडतात. इंग्रजी, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री प्रत्येकी १०० आणि हा २००, असे ६०० भरतात. म्हणजे टक्केवारीचा एक तृतीयांश भाग या एकाच विषयावर उभा राहतो. ‘स्कोअरिंग आहे’ असं जे म्हणतात ते खरं आहे, पण अभ्यास केला तरच. मेडिकलचा थोडाही विचार मनात असेल तर या वाटेला जाऊ नका.

पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप), त्याच्या इन्स्ट्रक्शन्स, एक्स-८६ प्रोसेसरचं कुटुंब, ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. पन्नास गुणांसाठी तीन तास मिळतात, त्यामुळे वेळ पुरत नाही ही तक्रार सहसा नसते.

पोरं घाबरतात ती ८०८५ ला, आणि आमच्या मते अख्ख्या विषयातलं सोनं तेच आहे. १९७६ ची आठ बिटांची चिप, ४० पिना, १६ अ‍ॅड्रेस लाइन म्हणून ६४ केबी मेमरी. आज हे कशाला शिकायचं, असं पालक विचारतात. उत्तर असं की इथे कॉम्प्युटर आतून दिसतो. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा हेक्स कोड (चिपला कळणारा आकडा) तक्त्यातून शोधायचा आणि किटवर, म्हणजे ही चिप, की आणि डिस्प्ले असलेल्या सरावाच्या बोर्डवर, एकेक बाइट हाताने भरायची. ‘लूप’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा असं केलं की पुन्हा कुणी समजावायला लागत नाही.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. पहिली, अ‍ॅड्रेस उलटा भरायचा विसरणं. जेएनझेड २००८ (उत्तर शून्य नसेल तर २००८ वर उडी) असेल तर किटवर सी२, मग ०८, मग २० असं जातं. खालची बाइट आधी. सी२ २० ०८ भरलं की प्रोग्राम भलतीकडे उडी मारतो आणि डिस्प्लेवर काहीच कळत नाही. दुसरी चूक फ्लॅगची, म्हणजे आधीच्या हिशेबाचं उत्तर कसं आलं याची खूण ठेवणाऱ्या बिटांची. डीसीआर सी (सी रजिस्टर, म्हणजे चिपमधला एक कप्पा, एकने कमी) केल्यावर झिरो फ्लॅग बदलतो, पण डीसीएक्स बी (बी-सी ही जोडी एकने कमी) केल्यावर बदलत नाही. रजिस्टरची जोडी काउंटर म्हणून वापरून खाली जेएनझेड लिहिलं, तर ती उडी जुन्याच फ्लॅगवर ठरते आणि लूप वेळेवर थांबत नाही. तिसरी, बेरजेतला कॅरी, म्हणजे हातचा. एफएफ मध्ये ०२ मिळवले की अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (उत्तर ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) ०१ उरतो. जेएनसी (कॅरी नसेल तर उडी) लावून कॅरी दुसऱ्या रजिस्टरमध्ये मोजला नाही तर उत्तर चुकलंच. बीसीडी (दशमान आकड्यांच्या) बेरजेत डीएए, म्हणजे उत्तर दशमानात दुरुस्त करणारा कोड, विसरतात, नाहीतर वजाबाकीनंतर लावतात. तो फक्त बेरजेनंतर चालतो.

किटबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. रॅम कुठून सुरू होते ते प्रत्येक बनावटीत वेगळं असतं. पुस्तकातला अ‍ॅड्रेस तुमच्या किटवर रॉममध्ये पडत असेल तर भरलेली बाइट टिकतच नाही. म्हणून आधी एक बाइट भरा, परत वाचा, तीच दिसली तरच पुढे जा. एचएलटीवर (थांबण्याच्या इन्स्ट्रक्शनवर) किट थिजतं, रीसेट दाबावं लागतं. रॅममधलं उत्तर पुसलं जात नाही, घाबरून पुन्हा सगळं भरू नका.

घरी सरावाला जीएनयूसिम८०८५ हा सिम्युलेटर फुकट मिळतो. लॉजिक तपासायला उत्तम. पण हेक्स कोड तो स्वतःच तयार करतो, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबलेली मुलं प्रॅक्टिकलला किटसमोर अडतात.

सी प्लस प्लसबद्दल आम्ही इतके खूश नाही. बऱ्याच लॅबमध्ये अजून टर्बो हा जुना कंपायलर आहे, डॉसबॉक्समध्ये (जुनं डॉस नव्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवलेला. आयओस्ट्रीम डॉट एच, व्हॉइड मेन, सीएलआरएससीआर हे जे हाताला वळण लागतं, ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मोडावं लागतं. नवा कंपायलर यातलं बरंच स्वीकारत नाही. टर्बोत इंट (पूर्णांक) १६ बिटांचा, कमाल ३२७६७. म्हणून फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ पर्यंत बरोबर चालतो आणि ८ दिला की ४०३२० ऐवजी उणे २५२१६ दाखवतो. मुलं तासभर लूपमध्ये चूक शोधत बसतात. लाँग वापरा. एचटीएमएलमध्ये रोस्पॅन-कोलस्पॅनची (ओळी-रकाने जोडलेली) टेबलं हाताने लिहून बघा. नुसतं वाचून ती कागदावर उतरत नाहीत.

आता लॅब बघायला गेल्यावर काय बघायचं. किट किती आणि एका बॅचला मुलं किती, हे विचारा. किटच्या की दाबून बघा. मग बारावीच्या एखाद्या मुलाचं जर्नल मागा आणि तारखा वाचा. जूनपासून आठवड्याआड प्रॅक्टिकल दिसली तर कॉलेज चांगलं. सगळ्या तारखा जानेवारीतल्या असतील तर परीक्षेच्या तोंडावर जर्नल उतरवून घेतलंय, एवढं समजून जा. क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ वर्गांत हे विशेष तपासावं. १०० गुणांचं प्रॅक्टिकल असलेल्या विषयात मुलांना किटला हात लावू न देणं हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे.

सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचंही ऐका. पीसीएम ग्रुपची सीईटी २०० गुणांची, त्यात गणिताचे १०० आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १००. कॉम्प्युटर सायन्सचा एकही प्रश्न नाही. म्हणून डिसेंबरनंतर हा विषय मागे पडतो, आणि तोवर दुसरा पेपर झाला नसेल तर पुढे तो होत नाही. ८०८५ दिवाळीआधी संपवणाऱ्यांची ओढाताण बरीच कमी झाली.

दुसरी भाषा सुटते, याचं मात्र वाईट वाटतं. ज्यांची ती मराठी होती त्यांचं मराठी लेखन दहावीलाच थांबतं. हे ज्यांना नको असेल, किंवा बायोलॉजी ठेवायचंच असेल, त्यांच्यासाठी १०० गुणांचा आयटी (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) हा विषय आहे. भाषेऐवजी तो घेतला तरी बायोलॉजी राहतं, आणि बायोलॉजीऐवजी घेतला तर मराठी राहते. आयटीची परीक्षा ८० गुणांची ऑनलाइन आणि २० चं प्रॅक्टिकल. त्यात जावास्क्रिप्ट, पीएचपी येतं, वेबसाइट करणाऱ्याला लगेच उपयोगी पडेल असं. किट मात्र तिथे नाही.